पाचव्या गाळ्यातलं कडं

पुलाचा इतिहास दोन पानांत लिहून द्या, असं संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या तेव्हा मला हसूच आलं. एकशे नऊ वर्षं नदीत पाय रोवून उभा असलेला पूल, आणि दोन पानं! पण बाई चिकाटीच्या होत्या. पुलावर काम केलेल्यांपैकी ज्याचं डोकं आणि गुडघे दोन्ही अजून चालतात असा मीच एकटा उरलोय, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. माझा दादा आहे. पण पुलाच्या माणसांची यादी करताना दादाला कुणी धरत नाही, आणि ते का, हे या गावात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

पूल उतरवायला सुरुवात झाली होती. वरच्या अंगाला नवा सिमेंटचा पूल होऊन सहा वर्षं झाली, जुन्यावर गवत उगवलं, कबुतरांनी संसार थाटले. दोन-दोन खांबांमधल्या आठ गाळ्यांपैकी तीन गाळे क्रेनने उचलून काठावर ठेवलेही होते. पाचव्या गाळ्याचा एक तुकडा तेवढा राखायचा, नदीकाठच्या बागेत उभा करायचा आणि शेजारी लोखंडी पाटीवर त्याचा इतिहास कोरायचा, असा बेत होता. त्या पाटीसाठी माझी दोन पानं.

मी हौसेने लिहायला बसलो. पुलाच्या आधी इथे नाव चालायची, आणि नावाडी पूर आला की दोन-दोन आठवडे पलीकडे सासुरवाडीला अडकून पडायचा, हे लिहिलं. आडव्या-तिरप्या लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून केलेल्या कैच्या समुद्रापलीकडून बोटीने आल्या, प्रत्येक तुकड्यावर आकडा घातलेला, आणि त्यातला एक तुकडा उलटा बसवल्यामुळे अख्खा महिना वाया गेला, हेही लिहिलं. दोन्ही काठांकडून येणारं काम मधोमध भेटलं तेव्हा शेवटचा तुकडा बोटभर लांब ठरला. थोरल्या साहेबाने डोकं आपटून घेतलं. एका लोहाराने सांगितलं, साहेब, दुपारी लोखंड फुगतं, पहाटे बघा. पहाटेच्या गारठ्यात तो तुकडा पाहुण्यासारखा अलगद आत जाऊन बसला. ही गोष्ट माझ्या आजोबांच्या तोंडून मी शंभरदा ऐकली असेल. पूर, युद्धात पुलावर बसलेला पहारा, पहिली मोटार, शेवटची मोटार, सगळं लिहिलं. आणि चौतीस वर्षांपूर्वीच्या अपघातापाशी येऊन माझं पेन अडलं.

ते वाक्य बाईंनी आधीच टाईप करून दिलं होतं. जुन्या चौकशीच्या अहवालातून जसंच्या तसं उचललेलं. ‘तपासनिसाच्या निष्काळजीपणामुळे पादचारी मार्गाचा भाग कोसळून एक पोस्टमन कायमचा जायबंदी झाला.’ मी फक्त वाचून बरोबर आहे एवढं सांगायचं होतं. बाकीचं लिहिलेलं पुसता येतं. हे लोखंडात कोरलं जाणार होतं, आणि माझा दादा रोज सकाळी त्याच बागेत फिरायला जातो.

तो तपासनीस म्हणजे माझा दादा.

निष्काळजी! दादा कसा होता ते आधी सांगतो. पुलात लाखभर रिव्हेटा. रिव्हेट म्हणजे लोखंडाचा जाड खिळा, लालबुंद तापवून भोकात घालायचा आणि दुसऱ्या बाजूने ठोकून त्याचं डोकं करायचं. गार झाला की आवळतो आणि दोन पट्ट्या धरून ठेवतो. वर्षानुवर्षं गाड्यांच्या हादऱ्याने त्यातल्या काही सैल होतात, आणि डोळ्याला ते दिसत नाही. म्हणून तपासनीस लागतो. डाव्या हाताचं बोट रिव्हेटीच्या डोक्याला एका बाजूने लावायचं, उजव्या हाताने दुसऱ्या बाजूवर छोट्या हातोडीचा ठोका द्यायचा. घट्ट असेल तर खणखणीत वाजते आणि बोटाला काही कळत नाही. सैल असेल तर दबकी वाजते आणि बोटाखाली काहीतरी थरथरतं. दादा हे काम अठराव्या वर्षापासून करत होता. पुलावर त्याला सगळे कानसेन म्हणायचे. चालता चालता दहा हातांवरच्या दुसऱ्याच्या ठोक्यावरून तो सांगायचा, मागची घे रे परत, खोटं बोलतेय ती.

सैल रिव्हेट सापडली की तिच्याभोवती पांढऱ्या तेलरंगाने कडं काढायचं. एकाच जोडात जास्त असतील तर सगळ्या जोडालाच मोठं कडं आणि आत किती सैल त्याचा आकडा. मग रिव्हेटवाल्यांची टोळी ते कडं शोधत यायची, जुन्या काढून नव्या ठोकायची आणि काम झालं की कडं खरवडून टाकायची. यात कुठेही कागद नव्हता. लोक नंतर विचारायचे, नोंदवही नव्हती का? नव्हती. दादाला लिहिण्याचा कंटाळा, मुकादमाला वाचण्याचा. त्यांची वही म्हणजे पूलच, आणि कडं हीच नोंद.

मी रंगाऱ्यांच्या टोळीत होतो. दादापेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणून सगळ्यांचा धाकटा. आमच्यात एकच नियम गुरुमंत्रासारखा, शपथेसारखा, काय वाटेल ते म्हणा, पण पहिल्या दिवशी कानात ओतलेला होता: कड्यावर रंग चढवायचा नाही. तेवढी जागा उघडी सोडायची आणि पुढे जायचं. रिव्हेटवाले येऊन गेले की परत यायचं आणि ते ठिगळ भरायचं.

परत येणं म्हणजे काय, ते खाली उभं राहून कळत नाही. पुलाच्या बाहेरच्या अंगाला रंग द्यायचा तर दोन दोरांना बांधलेल्या फळीवर बसून लोंबकळावं लागतं. ती फळी हलवायची म्हणजे वर दोन माणसं, नव्या गाठी, अर्धी सकाळ. एवढं करून काम काय, तर तळहाताएवढी जागा रंगवायची. त्या वर्षी दादाने जरा जास्तच कडी काढली होती. टोळी माझीच चेष्टा करायची, की थोरला गोल काढत सुटतो आणि धाकटा मागून रांगोळी भरत सुटतो. मी हसायचो, पण मला ते झोंबायचं.

पाचव्या गाळ्यात, नदीकडच्या बाजूला, पादचाऱ्यांच्या फळ्या खांबातून बाहेर काढलेल्या ज्या लोखंडी ब्रॅकेटांवर बसवल्या होत्या त्यातल्या एका ब्रॅकेटच्या जोडावर ते मोठं कडं होतं. वारा होता, फळी भेलकांडत होती, हात गारठले होते. कडं मला दिसलं नाही असं मी आजवर स्वतःलाही सांगू शकलेलो नाही. दिसलं. त्यातला आकडाही दिसला. तीन. दादाचा तीन शेपूट उलट वळवलेला असायचा, लहानपणी मास्तरांनी छड्या मारूनही न सुधारलेला. मी मनाशी म्हटलं, रिव्हेटवाले येऊन गेले असतील, खरवडायचं राहिलं असेल. बोट लावून बघायला हात पोचत होता. मी लावलं नाही. ब्रशचे चार फटकारे मारले, कडं राखाडी झालं, आणि वरच्यांना ओरडून सांगितलं, चला, पुढे घ्या.

रिव्हेटवाले आले, त्यांना तिथे कडं दिसलं नाही, ते पुढे गेले. एकोणीस महिन्यांनी, सकाळी आठ-सव्वाआठला, पोस्टमन सायकल हातात धरून पुलावरून चालला होता. ब्रॅकेट निखळलं, दोन फळ्या खाली गेल्या आणि त्यांच्याबरोबर तोही. दगडी खांबाच्या पायथ्याशी आपटला. सायकल नदीत गेली. पत्रं दोन दिवस काठाला लागत होती, आणि लोक ती उन्हात वाळवून एकमेकांच्या घरी पोचवत होते. पोस्टमन वाचला, पण कमरेखाली त्याला पुन्हा काही जाणवलं नाही. बत्तीस वर्षांचा होता.

चौकशी कचेरीतल्या वरच्या खोलीत झाली. टेबलामागे तीन साहेब, भिंतीला लागून बाक, बाकावर दादा. दादाने आधीच सांगितलं होतं, मी तिथे कडं काढलं होतं, आत तीन लिहिला होता. मग रंगाऱ्यांना एकेक करून बोलावलं. आत जाण्याआधी आमच्या मुकादमाने जिन्यात आम्हाला गाठलं आणि म्हणाला, "आपल्या माणसांनी कड्यावर कधी रंग चढवला नाही. एवढंच बोलायचं. जास्त शहाणपणा नको."

थोरल्या साहेबांनी मला विचारलं, "पाचव्या गाळ्यात त्या जोडाला रंग तू दिलास?"

"हो."

"तिथे खूण होती?"

घरी तीन महिन्यांचं बाळ होतं. हे कारण मी पुढे स्वतःला हजार वेळा सांगितलं, पण त्या क्षणी बाळबीळ काही आठवलं नाही. नुसती भीती वाटली.

"नव्हती," मी म्हणालो.

दादाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग खाली घातली. मला वाटलं, चिडला. त्याने तिथेच उठून माझ्या कानाखाली वाजवली असती तर फार बरं झालं असतं. कुणीतरी वर जाऊन रंग खरवडून बघावं, हे त्या तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. मला सुचलं होतं, आणि त्यांना सुचू नये म्हणून महिनाभर मी देव पाण्यात ठेवून बसलो होतो.

दादाला काढून टाकलं. आणि खरी लाज पुढे आहे. त्याच्या जागेवर मला घेतलं. कानसेनचा सख्खा भाऊ आहे, कान घराण्यात असणार, म्हणून. दादाने स्वतः घरी येऊन त्याची हातोडी माझ्या हातात दिली. दांड्यावर त्याच्या अंगठ्याने खळगा पडलेला. म्हणाला, "ठोकताना बोट काढू नकोस. कान फसतो. बोट फसत नाही." मी अठ्ठावीस वर्षं त्या हातोडीने काम केलं. माझी कडी नीट असायची. माझ्या कारकिर्दीत एक रिव्हेट निसटली नाही, याचं मला प्रमाणपत्र मिळालं, चौकटीसकट. ते मी भिंतीवर लावलं नाही, कपाटात कपड्यांखाली ठेवलं.

दादा लाकडाच्या वखारीत लागला. गावात कानसेन म्हणणारे आता वेगळ्या आवाजात म्हणायचे. आणि दर रविवारी सकाळी दादा पोस्टमनकडे जायचा. त्याला उचलून बाहेर आणायचा, आंघोळ घालायचा, दाढी करायचा, पाठीला तेल चोळायचा. एक रविवार नाही, दोन नाही. तीस वर्षं. चार वर्षांपूर्वी पोस्टमन गेला, तोवर.

मध्ये एकदा सांगायची वेळ आली होती. वहिनी आजारी होती, शेवटचंच. मी भेटायला गेलो तेव्हा दादा औषधं आणायला बाहेर पडला होता. वहिनीने उशीवर मान वळवून मला विचारलं, "भाऊजी, एक विचारू? ह्यांनी खरंच खूण केली नव्हती का हो?"

"मला कसं ठाऊक असणार, वहिनी," मी म्हणालो.

"तुम्ही रंग दिला होतात ना, म्हणून विचारलं."

मी उठून तिला पाणी दिलं. नऊ दिवसांनी ती गेली. दादाच्या बाबतीत मी भ्यालो असं म्हणता येईल. वहिनीच्या बाबतीत काय म्हणायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

तर असं ते बाईंचं वाक्य. मी चार दिवस ते कागद टेबलावर या बाजूने त्या बाजूला सरकवत होतो. पाचव्या दिवशी बाईंनी वर्कशॉपवर बोलावलं. पाचव्या गाळ्यातला एक लोखंडी खांब, पुरुषभर उंचीचा, रिव्हेटांसकट कापून आणला होता. एक कारागीर त्यावरचा रंग पायरीपायरीने घासत होता, म्हणजे पुलाला कुठल्या काळात कुठला रंग होता ते लोकांना एका नजरेत दिसावं. वरचा चंदेरी, त्याखाली हिरवा, परत हिरवा, मग राखाडी, असं करत तळाशी शेंदरी अस्तर. कल्पना चांगली होती. मी कौतुक करणारच होतो.

"एक गंमत दाखवते," बाई म्हणाल्या. "या दोन राखाडी थरांच्या मधे काहीतरी निघालंय."

एक पांढरी कमान. वीतभर, गोल जाणारी. अपघातानंतर बसवलेल्या ब्रॅकेटच्या पट्टीखाली अर्धी गेलेली, पण बाहेर राहिलेल्या भागात आकडा पूर्ण होता. तीन. शेपूट उलट वळवलेला.

"काय असेल हे?" बाईंनी विचारलं. "तुम्ही तर स्वतः तपासनीस होतात."

आणि मी म्हणालो, "काय की. कुणीतरी काहीतरी लिहिलं असेल."

चौसष्टाव्या वर्षी! तोंडाला इतकी सवय लागली होती, की डोकं जागं व्हायच्या आत ते बोलून मोकळं झालं.

संध्याकाळी पाचला बाईंचा फोन आला. आवाज अवघडलेला. "जुनी फाईल परत चाळत होते. ज्यांना कामावरून काढलं त्यांचं आणि तुमचं आडनाव एकच दिसलं. माझ्या आधी लक्षातच आलं नाही, माफ करा. ते आहेत ना अजून? मग ती खूण त्यांनाच दाखवू. उद्या अकरा वाजता घेऊन याल त्यांना?"

पश्चात्तापाने माणूस धावत सुटतो असं म्हणायला बरं वाटतं. मला पश्चात्ताप चौतीस वर्षं होता आणि मी जागचा हललो नव्हतो. मला हलवलं ते बाईंच्या फोनने. उद्या अकराला ते उघडं पडणारच होतं. मी हातोडी पिशवीत टाकली आणि दादाकडे गेलो.

दादा गॅलरीत खुर्चीची पट्टी विणत बसला होता. हल्ली त्याला कमी ऐकू येतं. आयुष्यभर लोखंडाला कान लावल्याचं फळ. त्याच्या उजव्या कानाशी जरा मोठ्याने बोलावं लागतं. इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट मला ओरडून सांगावी लागली. शेजारच्या गॅलरीतली बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता थांबली, तरी मी बोलत राहिलो. कडं होतं. मला दिसलं होतं. मी रंगवलं. मी खोटं बोललो.

दादाने पट्टी खाली ठेवली. त्याने नदीच्या दिशेने पाहिलं. तिथून नदी दिसत नाही.

"आत आकडा होता?" त्याने विचारलं.

"तीन होता, दादा."

"दोन खालच्या, एक वरची," तो म्हणाला. "वरची जास्त सैल होती. मी दोनदा ठोकली होती." मग थांबून, "म्हणजे मी ठोकली होती."

"हो, दादा."

"पहिली दोन-तीन वर्षं मी म्हणायचो, काढलं होतं. घरात, वखारीत, भेटेल त्याला. मग म्हणायला लागलो, काढलं असेल. मग एक दिवस पोस्टमनला मी सांगून टाकलं, की बाबा, चूक माझीच. मी ठोकलंच नसणार नीट. त्याचे पाय धरले मी. त्या पायांना कळत पण नव्हतं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तो म्हणाला, जाऊ दे, मी तुला माफ केलं. मोठ्या मनाचा माणूस. ती माफी घेऊन आलो रे मी घरी. हिला सांगितलं, की त्याने मला माफ केलं."

"मला वाटलं होतं तुझी खात्री असेल," मी कसंबसं म्हणालो. "तुझ्या हातावर तुझा भरवसा..."

"होता ना भरवसा. पण तू त्या खोलीत उभा राहून नव्हती म्हणालास. म्हटलं, हा कशाला खोटं बोलेल? हातापेक्षा तुझ्या शब्दावर जास्त होता."

हे तो रागाने बोलला नाही. समोरच्या माणसाला हिशोबातली चूक समजावून सांगावी तसं बोलला. मी रडायला लागलो. तो उठून आत गेला, आणि मला वाटलं आता दार लावून घेईल. पाण्याचा पेला घेऊन आला, माझ्यासमोर ठेवला आणि परत खुर्ची विणायला बसला. निघताना मी विचारलं, उद्या येशील का. "येईन," म्हणाला. "मला ते बघायचंय."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या आधी पोचला होता. इस्त्रीचा शर्ट. वर्कशॉपच्या भिंतीला एक बाक होतं, त्यावर बसला होता, हात मांड्यांवर. मी दारातच थांबलो. तेच बाक नव्हतं ते, पण तो तसाच बसला होता.

बाईंनी त्याला हाताला धरून खांबापाशी नेलं. त्याने चष्मा पुसला, वाकला, आणि त्या तीनच्या शेपटीवरून बोट फिरवलं. एकदा सरळ, एकदा उलट.

"तुमची खूण का?" बाईंनी मोठ्याने विचारलं.

"माझी," दादा म्हणाला.

"मग ही रंगाखाली कशी काय गेली?"

दादा परत जाऊन बाकावर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. सांगून टाकणं त्याला सोपं होतं. त्याने माझ्यासाठी जागा सोडली होती. कारागिराने मशीन बंद केलं.

"मी रंगवली," मी म्हणालो. "मला दिसली होती, तरी रंगवली. आणि चौकशीत नव्हती म्हणून सांगितलं. ते वाक्य खोटं आहे, बाई. तपासनिसाने काम चोख केलं होतं. रंगाऱ्याने खूण बुजवली आणि भावावर ढकललं, असं लिहा. कोरताना आखडता हात घेऊ नका."

बाई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. वहिनी नव्हती, पोस्टमन नव्हता. ऐकायला हवं होतं ते दोघेही निघून गेले होते, आणि उरलेल्याला नीट ऐकू येत नव्हतं.

मी पिशवीतून हातोडी काढली आणि दादापुढे धरली. त्याने ती घेतली. अंगठा दांड्यावरच्या खळग्यात ठेवून बघितला. बसला. तो उठला, खांबापाशी गेला आणि अपघातानंतर बसवलेल्या नव्या रिव्हेटांपैकी सगळ्यात वरच्या रिव्हेटीवर त्याने एक ठोका दिला. आवाज वर्कशॉपभर घुमला. दादाने उजवा कान जवळ नेला आणि परत ठोकलं. मग वळून मला विचारलं, "कशी वाजतेय?"

"घट्ट आहे," मी म्हणालो. खणखणीत वाजली होती. ते अगदी खरं होतं.

दादा क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग खांबाकडे वळला, डाव्या हाताचं बोट रिव्हेटीच्या डोक्याला लावलं, आणि स्वतःच पुन्हा ठोकून बघितलं.